सेकंड हँड गाड्यांपासून पीपीएफपर्यंत: आबासाहेब गरवारे यांची गोष्ट

जुनी मारुती ८०० किंवा आजोबांच्या काळातली जीप घरच्या अंगणात सोलून, पत्रा सरळ करून, नवा रंग मारून पुन्हा रस्त्यावर आणायची, असे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर तासन्‌तास बघत असाल. शेवटी त्यात एक पारदर्शक फिल्म गाडीवर चढवतात. ओरखडा पडला तरी उन्हात आपोआप भरून निघतो. तिचं नाव पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजेच पीपीएफ.

ही फिल्म भारतात बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये एक नाव आपल्या मराठी माणसाचं आहे: गरवारे. गंमत म्हणजे, ज्या माणसाने हा उद्योगसमूह उभा केला त्याची सुरुवातच जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतून झाली होती. आज आपण त्यांचीच गोष्ट बघू. सोबत गाडीच्या बॉडीचं शास्त्रही समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय या माणसाचा धंदा किती अवघड होता ते कळणार नाही.

तासगावहून मुंबईत

भालचंद्र दिगंबर गरवारे, म्हणजे आबासाहेब, यांचा जन्म १९०३ साली तासगावचा. तासगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. शाळा त्यांनी अर्ध्यातच सोडली. इंजिनिअरिंगची पदवी तर दूरचीच गोष्ट. विशी गाठायच्या आतच ते मुंबईला आले आणि मोटारींच्या धंद्यात शिरले. गिरगावात त्यांनी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली.

हे वाक्य आज साधं वाटतं. चौकाचौकांत सेकंड हँड गाड्यांची दुकानं आहेत आणि मोबाईलवर ॲप आहेत. पण १९२० च्या दशकात मोटार म्हणजे संस्थानिक, मोठे वकील, डॉक्टर आणि गिरणीमालक यांची वस्तू. गाड्या सगळ्या परदेशी. नवी गाडी घेणं मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून जुनी गाडी हाच मोटारमालक होण्याचा एकमेव रस्ता. पण या रस्त्यावर एक मोठा खड्डा होता, आणि तो म्हणजे विश्वासाचा. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या आत काय सडलंय हे कसं कळणार?

तेव्हाची बॉडी म्हणजे अर्धी सुतारकी

आजच्या गाडीची बॉडी म्हणजे दाबून आकार दिलेले आणि वेल्डिंगने जोडलेले पोलादी पत्रे. १९२० च्या दशकातल्या बहुतेक गाड्या तशा नव्हत्या. खाली पोलादी चासी, वर लाकडाचा सांगाडा आणि त्या सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा, अशी ती रचना. म्हणजे घोडागाडीचीच पुढची आवृत्ती. युरोपात या सांगाड्यासाठी ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वापरत.

आता अशी गाडी मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने उभी करा. पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत शिरतं. लाकूड फुगतं, मग कुजतं. खिळे गंजतात, दरवाजे खाली बसतात आणि नीट लागत नाहीत. बाहेरचा रंग मात्र अजून बरा दिसत असतो. म्हणून त्या काळातली जुनी गाडी तपासायची तर आधी दरवाजा उघडून वर उचलून बघायचा. बिजागरीजवळ तो हलला, तर आतलं लाकूड गेलं असं समजायचं.

रंगाचीही तीच तऱ्हा. जुन्या पद्धतीत तेलाचा रंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा आणि घासायचा. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. मग १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचा ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. काळ्याशिवाय दुसरे रंगही सहज देता येऊ लागले आणि गाडी पुन्हा रंगवणं हा छोट्या गॅरेजच्या आवाक्यातला धंदा झाला.

पण प्रत्येक सोयीला दुसरी बाजू असते. रंग झटपट बसतो म्हणजे गंज झटपट झाकताही येतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात टिकायचं तर रंगाच्या खालचं ओळखणारी नजर हवी. तासगावच्या या शाळा सोडलेल्या तरुणाने अशा बाजारात पाय रोवले, हीच त्यांची पहिली पदवी.

मंदी आली आणि संधी दिसली

१९२९ मध्ये अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. हिंदुस्थानातही पिकांचे भाव पडले, व्यापार थंडावला. मुंबईत तर परदेशी कंपन्यांनी नुकतेच पाय पसरले होते: जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता, फोर्डही १९३० च्या सुमारास आली होती. अशा वेळी जुन्या गाड्या विकणारा एक मराठी तरुण काय करेल? बहुतेकांनी दुकान बंद केलं असतं.

आबासाहेब इंग्लंडला गेले. १९३० च्या दशकात त्यांनी तिथे जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन हिंदुस्थानात आणून विकायला सुरुवात केली. गरवारे उद्योगसमूह आपली सुरुवात १९३३ पासून मोजतो, ती याच मोटारींच्या व्यवसायापासून.

यातली हुशारी समजून घ्यायची तर इंग्लंडचा तेव्हाचा कर बघावा लागेल. तिथे १९२१ पासून गाडीवरचा वार्षिक कर हॉर्सपॉवरवर होता: दर हॉर्सपॉवरला एक पौंड. ही हॉर्सपॉवर इंजिनाची खरी ताकद मोजून काढत नसत. सिलिंडर किती आणि त्यांचा व्यास किती, यावरून सूत्राने काढत. मोठ्या इंजिनाची गाडी म्हणजे वर्षाला वीस-पंचवीस पौंडांचा भुर्दंड, गाडी चालवा किंवा न चालवा. त्यात मंदी. त्यामुळे मोठी, जुनी गाडी तिथे मालकाला डोईजड व्हायची आणि मिळेल त्या किमतीला निघायची.

तीच गाडी बोटीत चढून मुंबई बंदरात उतरली की चित्र बदलायचं. इंग्लंडचा तो कर इथे लागू नव्हता. शिवाय दोन्ही देशांत गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडेच. गाडीत कुठलाही मोठा बदल न करता ती इथे वापरता यायची. एका ठिकाणी नकोशी झालेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी हवीहवीशी असते, हे ओळखणं म्हणजेच व्यापार.

पण धोका किती होता बघा. फोटो पाठवायला व्हॉट्सॲप नाही, इंजिनाचा आवाज ऐकवायला व्हिडिओ कॉल नाही. हजारो किलोमीटर लांबून आणलेली गाडी बंदरात उतरल्यावर खराब निघाली, तर परत कोणाकडे पाठवणार? समुद्रातून येताना खारी हवा पत्र्याला लागते ती वेगळीच. घेतानाच नीट पारखून घेणं एवढंच हातात होतं.

रस्ता बंद झाला, माणूस थांबला नाही

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. बोटी लढाईच्या कामाला लागल्या, पेट्रोलला रेशन आलं, गाड्यांची आयात आटली. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि नवं धोरण आलं: बाहेरून गाड्या आणून विकू नका, इथे बनवा. १९५३ मध्ये तर सरकारने ठरवलं की इथे खरोखर उत्पादन करण्याची योजना असलेल्यांनीच हा धंदा करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. ज्या पायावर गरवाऱ्यांचा पहिला धंदा उभा होता, तो पाया असा सरकला.

आबासाहेब कारखानदारीकडे वळले, तेही अगदी वेगळ्या क्षेत्रात: प्लास्टिक. प्लास्टिकची बटणं, ब्रशसाठी लागणारे नायलॉनचे ताठ केस, मग नायलॉनचा धागा, अशी पायरी पायरीने वाढ झाली. १९५७ मध्ये गरवारे प्लास्टिक्स स्थापन झाली. १९७६ मध्ये दोरखंड आणि मासेमारीची जाळी बनवणारी गरवारे वॉल रोप्स आली. उकाईच्या फुगवट्यावर नवापूरकडे किंवा नर्मदेच्या पाण्यावर धडगाव-अक्कलकुव्याकडे तुम्ही मासेमारी बघितली असेल, तर सुती जाळ्याऐवजी न कुजणारं सिंथेटिक जाळं आल्यावर काय फरक पडतो हे वेगळं सांगायला नको.

गाड्यांचा व्यापारी प्लास्टिकमध्ये गेला, हे वरवर विचित्र वाटतं. पण दोन्हीकडे एकच सवय कामाला आली: लोकांना उद्या काय लागणार ते आज बघायचं, आणि जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्यांकडून शिकून घ्यायचं. बाहेरचं तंत्रज्ञान आणायचं, इथली माणसं तयार करायची आणि माल इथेच बनवायचा.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. स्वतः शाळा पूर्ण न केलेल्या या माणसाचं नाव आज पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयावर आहे. मुंबई विद्यापीठाच्या गरवारे संस्थेत कामधंद्याशी जोडलेले अभ्यासक्रम शिकवले जातात. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं.

फिल्म पुन्हा गाडीवर आली

इथे गोष्टीला एक सुंदर वळण आहे. गरवारे प्लास्टिक्स पुढे पॉलिएस्टर फिल्ममध्ये उतरली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांत ही फिल्म बनू लागली. पॉलिएस्टर फिल्म म्हणजे काय? प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचा जाड पापुद्रा काढायचा, मग तो लांबीला आणि रुंदीला असा दोन्हीकडून ताणायचा. ताणल्यामुळे आतल्या रेणूंच्या साखळ्या एका रांगेत येतात आणि पातळ असूनही फिल्म चिवट होते. तिच्यात रंग किंवा इतर घटक घातले की गाडीच्या आणि इमारतीच्या काचेला लावायची सन कंट्रोल फिल्म तयार.

२०२० नंतर कंपनीने पीपीएफही बनवायला सुरुवात केली. ही फिल्म पॉलिएस्टरची नसते. ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, थोडक्यात टीपीयूची असते. टीपीयू रबरासारखं ताणलं जातं, म्हणून बंपरच्या वळणावर नीट बसतं. साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीची ही फिल्म उडालेल्या खडीचा मार स्वतःवर घेते. वरच्या थरावर बारीक ओरखडा पडला, तर उष्णतेने तो थर पुन्हा सपाट होतो. म्हणजे गिरगावात जुन्या गाड्यांनी सुरू झालेला प्रवास, संस्थापक गेल्यानंतर तीस वर्षांनी, पुन्हा गाडीच्या बॉडीपाशी आला.

आता तुमच्या अंगणातली गाडी

आबासाहेबांच्या धंद्यातला धडा आजही तोच आहे: रंग बघून भुलू नका, खालचा पत्रा बघा. घरी जुनी गाडी करायला घेताना हा क्रम लक्षात ठेवा.

१. आधी तपासणी. मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही किंवा अगदी हलकं चिकटतं, तिथे खाली जाड पुट्टी आहे, म्हणजे गाडी आधी ठोकलेली आहे. (बंपरसारखे प्लास्टिकचे भाग सोडून.) रात्री मोबाईलची टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. दिवसा न दिसणारे पोचे सावलीमुळे लगेच दिसतात. प्रत्येक भाग उघडण्याआधी फोटो काढा, जोडताना तेच कामी येतात.

२. गंज मुळापासून काढा. गंजावर रंग मारला तर तो आतून वाढतच राहतो आणि पावसाळ्यानंतर फोड येतो. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर तिथे पुट्टी भरू नका. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. गंज चासीत किंवा सस्पेन्शनच्या जोडणीपाशी असेल तर घरी हात घालू नका, तिथे जिवाचा प्रश्न आहे.

३. प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर. उघडा पत्रा तसाच ठेवू नका, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जास्त खोल पोचा आधी ठोकून बाहेर काढायचा. मग १८० ते ३२० नंबरच्या पेपरने सपाट करून सरफेसर प्रायमर, आणि त्यावर ६०० ते ८०० नंबरने पाणी लावून घासणं.

४. हवामान बघून रंग. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेल्या पत्र्यावर रंगातला थिनर बसायच्या आतच उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी लवकर, सावलीत आणि हळू उडणाऱ्या थिनरने काम करा. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगात अडकून लॅकर पांढुरका पडतो. हिवाळा चांगला, पण मिरचीच्या पठाऱ्या जवळ असतील तर धुळीचा बंदोबस्त आधी करा, जमिनीवर पाणी शिंपडा.

५. फुफ्फुसं वाचवा. हार्डनर घालून मारायच्या टू-के क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं. त्यामुळे कायमचा दमा होऊ शकतो. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही. हा शेवटचा थर बंद बूथ आणि योग्य मास्क असलेल्या पेंटरकडूनच करून घ्या.

६. फिल्म सर्वात शेवटी. नवा रंग पूर्ण मुरायला साधारण महिनाभर द्या, मगच पीपीएफ लावा. खालचा रंग कच्चा असेल तर फिल्म काढताना रंगही सोबत निघतो. आणि गंजावर फिल्म लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

कायद्याचं काय?

गाडीचा रंग बदलला तर आरटीओमध्ये नोंद करून आरसीवर तो चढवावा लागतो. आपल्याकडे एमएच-३९ म्हणजे नंदुरबारचं कार्यालय. चासी कापणं, बॉडीची मूळ रचना बदलणं चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल याबाबत स्पष्ट आहे. चासी नंबरवर घासकाम किंवा रंग करताना विशेष जपा, तो पुसला गेला तर गाडी चोरीची असल्याचा संशय येतो. खाजगी गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. रंगकामावर पैसे घालण्याआधी हा हिशेब करा.

काचेच्या बाबतीत, पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचा किमान ५० टक्के प्रकाश आत येऊ देणाऱ्या हव्यात. गडद काळी फिल्म लावली तर दंड होतो. आणखी एक गोष्ट: धातूचा थर असलेल्या फिल्ममुळे मोबाईलचं नेटवर्क, जीपीएस आणि फास्टॅग यांच्या सिग्नलला अडथळा येऊ शकतो. घेताना दुकानदाराला फिल्म कशाची आहे ते नक्की विचारा.

जाता जाता

आबासाहेब गरवारे यांची गोष्ट म्हणजे गरीब मुलगा श्रीमंत झाला, एवढीच नाही. त्यांच्याकडे डिग्री नव्हती, घरचा कारखाना नव्हता. त्यांच्या हयातीत धंद्याचा पाया एकदा मंदीने आणि एकदा युद्ध व सरकारी धोरणाने हलवला. प्रत्येक वेळी त्यांनी नवी वस्तू शिकून घेतली: आधी गाडी, मग नायलॉन, मग फिल्म.

आज नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणारी कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या हातात कसब आहे. पत्रा ठोकता येणाऱ्याला पीपीएफ लावायचं, रंगाची जाडी मोजायचं आणि गिऱ्हाईकाला गाडीची खरी अवस्था फोटोसकट दाखवायचं कामही शिकता येईल. सेकंड हँड गाडीच्या बाजारात शंभर वर्षांपूर्वी ज्याची कमतरता होती, त्याचीच आजही आहे, आणि ती म्हणजे भरवशाची. जो रंगाच्या खालचं खरं सांगेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येईल.